खुंट राखून कलम

चेन्नई सेंट्रलच्या उपनगरी फलाटांवरून उत्तरेकडे सुटणारी लोकल एन्नोर, मिंजूर, पोन्नेरी मागे टाकत जवळपास पन्नास किलोमीटरचे अंतर कापते आणि गुम्मिडिपूंडीला येते. काही गाड्यांचा प्रवास येथेच संपतो, काही पुढे आंध्रच्या हद्दीतील सुळ्ळूरपेट्टापर्यंत जातात. गावालगत तमिळनाडू शासनाच्या 'सिपकॉट' महामंडळाची औद्योगिक वसाहत आहे. पोलाद वितळवणारे, सळ्या ओढणारे, यंत्रांचे सुटे भाग घडवणारे कारखाने आणि त्यांत परप्रांतांतून आलेले कामगार, असे तिचे स्वरूप. जेथे तरुण मुले आणि मोकळी जागा आहे, तेथे सुट्टीच्या दिवशी कबड्डी रंगतेच. महाराष्ट्राने या खेळाला एके काळी हुतूतू म्हटले, तमिळ मुलुखाने सडुगुडु. पकडीत सापडलेल्या गड्याची तडफड मात्र दोन्हीकडे सारखीच.

अशा वसाहतीतला एक कामगार डोळ्यांपुढे आणावा. त्याला नाव देण्याचे कारण नाही. त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. तो चढाईला जातो. परतताना मागून कोणी तरी घोटा धरतो. पाऊल जमिनीत रोवलेले, धड मध्यरेषेकडे वळलेले आणि या दोहोंच्या मध्ये गुडघा. आतून काही तरी तुटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू येतो. काही तासांत गुडघा रक्ताने भरून फुगतो. बर्फ, मलम, क्रेप बँडेज, कोणी सुचवलेले मालीश. तीन आठवड्यांनी सूज ओसरते, तो चालू लागतो आणि कामावर हजर होतो. जिना उतरताना किंवा अचानक वळताना गुडघा अधूनमधून दगा देतो, तेवढेच. 'लिगामेंट गेले' हे त्याला कळते ते कित्येक महिन्यांनी, एमआरआयची फिल्म हातात पडल्यावर.

या 'गेले' शब्दाशी थोडे थांबले पाहिजे. वैद्यकानेही बराच काळ हाच शब्द खरा मानला. तुटलेला अस्थिबंध म्हणजे संपलेला अस्थिबंध. आत जे काही धागे लोंबत असतील ते खरवडून काढावेत, जागा स्वच्छ करावी आणि नवी दोरी ओवावी, अशी रीत होती. गेल्या पंचवीसेक वर्षांत या स्वच्छतेविषयी शंका उपस्थित झाली आहे. गुडघ्यात जे उरले आहे ते खरोखर केरकचरा आहे काय, असा तो प्रश्न आहे.

गुडघ्याच्या मधोमध दोन अस्थिबंध एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. त्यांतला पुढचा म्हणजे 'एसीएल'. तो मांडीच्या हाडाच्या मागच्या बाजूकडून निघून नडगीच्या माथ्यावर पुढे येऊन रुजतो. लांबी सरासरी सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे करंगळीच्या दोन पेरांएवढी. नडगी पुढे सरकू न देणे आणि गुडघा पिळू न देणे ही त्याची मुख्य कामे. अमेरिकेतील साव्हिओ वू आणि सहकाऱ्यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या मापनांत तरुण वयाच्या देहांतील हा अस्थिबंध तुटण्यास सरासरी 2160 न्यूटन बल लागले, म्हणजे सुमारे 220 किलोचा भार टांगण्याइतके. वृद्धांच्या देहांत तो आकडा याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी भरला.

केवळ ताकदीचाच प्रश्न असता तर दोरी बदलून काम भागले असते. पण या अस्थिबंधात मज्जातंतू आहेत. 1984 साली अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने मानवी क्रुसिएट अस्थिबंधांत ताण ओळखणारी सूक्ष्म संवेदनाग्रे असल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. गुडघा किती वाकला आहे, कोणत्या दिशेला ताण येतो आहे, ही वार्ता ती मज्जारज्जूकडे धाडतात आणि मांडीचे स्नायू त्यानुसार आवळतात किंवा सैलावतात. अंधारात जिना उतरताना पायरीची उंची डोळ्यांनी मोजावी लागत नाही, त्यामागे अशाच असंख्य वार्ता असतात. एसीएल तुटलेला माणूस 'गुडघ्यावर भरवसा वाटत नाही' असे म्हणतो. त्या वाक्यात सैल झालेल्या सांध्याची तक्रार असते, तशीच बंद पडलेल्या निरोपांचीही असते. दोरी उत्तम बसवली तरी ती निरोप धाडत नाही. निदान आरंभी तरी नाहीच.

आता तुटल्यानंतर काय होते ते पाहावे. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा, सांध्याबाहेरचा अस्थिबंध फाटला तर तो बहुधा आपला आपण जुळतो. एसीएल सांध्याच्या पोकळीत, स्निग्ध द्रवात बुडालेला असतो. जखम भरण्यासाठी दोन टोकांमध्ये रक्ताची गाठ टिकावी लागते आणि त्या द्रवात ती विरघळून जाते. बोस्टनच्या मार्था मरे यांनी 2000 साली मानवी खुंटांचा काळाच्या क्रमाने अभ्यास प्रसिद्ध केला. तुटलेली टोके मृतवत पडून राहत नाहीत, असे त्यात दिसले. त्यांत रक्तवाहिन्या वाढतात, पेशी वाढतात आणि मग त्यांच्यावर सांध्याच्या अस्तराचे पातळ आवरण चढते. प्रयत्न होतो, पूल तेवढा बांधला जात नाही.

मग खुंट कोठे तरी आधार शोधतो. कॅलिफोर्नियातील क्रेन आणि सहकाऱ्यांनी 2005 साली 48 रुग्णांच्या गुडघ्यांतील उरलेल्या ऊतींचे चार प्रकार वर्णिले. कोठे खुंट शेजारच्या मागच्या क्रुसिएट अस्थिबंधाला जाऊन चिकटला होता, कोठे हाडांमधल्या खाचेच्या छताला, कोठे आपल्या मूळ जागेजवळच्या भिंतीला आणि कोठे तो कशालाच न धरता विरून गेला होता. यांतल्या काही गुडघ्यांत खुंट खरवडल्यावर नडगी आणखी पुढे सरकू लागली. ज्याला कचरा समजले जात होते ते थोडेबहुत ओझे पेलत होते, असा याचा अर्थ.

येथे मराठी शब्दच मदतीला येतो. शस्त्रवैद्य ज्याला ग्राफ्ट म्हणतात त्याला आपण कलम म्हणतो, आणि कोकणातला बागायतदार हापूसचे कलम बांधताना खुंट उपटून टाकत नाही. त्याच्याच जोरावर कलम जगवतो. गुडघ्यातले कलम बहुधा रुग्णाच्याच मांडीमागच्या कंडरांचे, क्वचित गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचे असते. जागेवरून काढताच त्याचा रक्तपुरवठा तुटतो. हाडांत पाडलेल्या भोगद्यांतून ओवून ते सांध्यात बसवले जाते तेव्हा ते जिवंत ऊतीपेक्षा मचाणच अधिक असते. त्याच्यातल्या मूळ पेशी मोठ्या प्रमाणात मरतात, भोवतालून नव्या पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरतात, तंतूंची पुनर्रचना होते, आणि महिनोन्महिन्यांनी कंडरेला अस्थिबंधाचे रूप येते. या नव्या वाहिन्या सांध्याच्या अस्तरातून, गुडघ्यातल्या चरबीच्या गादीतून आणि उरलेल्या खुंटातून येतात. रक्त वाहणारे, मज्जातंतू बाळगणारे, अस्तराने वेढलेले हे वेष्टन कलमाभोवती राखले तर त्याचे रुजणे सुकर होईल, हा खुंट राखण्यामागचा विचार. उपमा ताणू नये हेही खरे. आंब्याचा खुंट मुळांतून अन्नपाणी वर चढवतो आणि झाडाचा भार सोसतो. गुडघ्यात भार सोसण्याचे काम अखेर हाडातल्या पकडीचे आणि कलमाचेच असते.

जपानमधील हिरोशिमा विद्यापीठातले मित्सुओ ओची आणि त्यांचे सहकारी या दिशेने आरंभी चालणाऱ्यांपैकी होत. एसीएलमधली संवेदनाग्रे जितकी अधिक, तितके सांध्याच्या स्थितीचे भान अधिक अचूक, असा संबंध त्यांच्या गटाने 2002 साली मांडला. अस्थिबंधाचे दोन जुडगे असतात. त्यांतले एकच तुटले असेल तर दुसऱ्याला हात न लावता तुटलेल्याच्या जागी कलम घालण्याची पद्धतही त्यांनी विकसित केली. जेथे दोन्ही तुटलेले पण खुंट जाड आहे, तेथे नडगीकडून कलम त्या खुंटाच्या आतून, म्यानातून तलवार जावी तसे, वर नेले जाते.

ऐकायला हे सोपे वाटते. दुर्बिणीच्या पडद्यासमोर उभ्या असलेल्या शस्त्रवैद्याची अडचण निराळी असते. मांडीच्या हाडातला भोगदा नेमक्या जागी पडला पाहिजे. तो काही मिलिमीटरांनी चुकला तरी कलमावर अवेळी ताण येतो किंवा ते सैल राहते. खुंट राखायचा म्हणजे ती जागा अंशतः झाकलेली ठेवूनच काम करायचे. पुसून स्वच्छ केलेल्या फळ्यावर लिहिणे आणि जुनी अक्षरे न पुसता त्यांच्यामधून लिहिणे यांत जेवढा फरक, तेवढा येथे आहे. शिवाय खुंट फार जाड असेल तर गुडघा सरळ करताना ती ऊती हाडांच्या मध्ये चिमटते. कलमाच्या पुढे गाठ तयार होऊन गुडघा पूर्ण सरळ न होण्याच्या विकाराला जॅक्सन आणि शेफर यांनी 1990 साली 'सायक्लॉप्स' हे नाव दिले; दुर्बिणीतून ती गाठ ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाच्या डोळ्यासारखी दिसते म्हणून. आठ-दहा तास उभे राहून काम करणाऱ्याला न सरळ होणारा गुडघा हा सैल गुडघ्याइतकाच जाचक ठरतो. खुंट राखल्याने ही गाठ वाढते अशी भीती पूर्वी बोलून दाखवली जाई. नंतरच्या एकत्रित विश्लेषणांनी तिला ठोस दुजोरा दिलेला नाही. तरीही लोंबणारा भाग छाटून उरलेला राखणे, हा तोल हातालाच साधावा लागतो.

आणि लाभ? येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने उत्साह आवरलेला बरा. प्राण्यांवरील प्रयोगांत खुंट राखल्याने कलमात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू लवकर परतल्याचे दाखले आहेत. माणसांवरील अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर मिळणारे चित्र मवाळ आहे: सांध्याचा घट्टपणा किंचित अधिक, हाडातल्या भोगद्यांचे कालांतराने होणारे रुंदावणे काहीसे कमी, पण रुग्णाच्या रोजच्या जगण्यातला फरक लहान, पुष्कळदा जाणवणारही नाही इतका. कलम पुन्हा तुटण्याच्या प्रमाणाविषयी एकवाक्यता नाही. संवेदनेचे मापन तर आणखी अवघड, कारण 'गुडघ्याचे भान' मोजण्याच्या कसोट्याच प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळ्या. म्हणजे खुंट राखणे हा चमत्कार नाही. मात्र जे काढल्याने ठोस फायदा सिद्ध होत नाही आणि जे एकदा काढले की परत लावता येत नाही, ते काढण्यापूर्वी कारण द्यावे लागेल, एवढे या संशोधनाने निश्चित केले आहे. पूर्वी राखणाऱ्याला कारण द्यावे लागत असे.

गुम्मिडिपूंडीच्या त्या कामगाराच्या बाबतीत मात्र हा सगळा वाद आणखी एका प्रश्नापाशी अडतो: तो येईल तेव्हा राखण्यासारखे काय उरलेले असेल? इटलीतील एका गटाने 1994 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इजेनंतर सुमारे तीन महिने खुंटातली संवेदनाग्रे धड आढळली. पुढे त्यांची संख्या घटत गेली आणि वर्षभराने ती उरली नव्हती. ग्रीसमधील एका गटाने 2001 साली याच्या उलट बाजू दाखवली: खुंट मागच्या अस्थिबंधाला चिकटून राहिला असेल तर तीन वर्षांनंतरही संवेदनाग्रे सापडू शकतात. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर एवढे म्हणता येते, की आधार मिळालेला खुंट टिकतो, न मिळालेला विरत जातो, आणि आपला खुंट कोणत्या प्रकारचा हे रुग्णाला बाहेरून कळण्याचा मार्ग नाही.

मग तुटताच धावत जाऊन शस्त्रक्रिया करावी काय? तसेही नाही. स्वीडनमध्ये 121 तरुण, हालचाल करणाऱ्या रुग्णांवर झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया केली गेली. बाकीच्यांना आधी व्यायामोपचार दिले आणि गरज भासल्यास शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांची स्थिती सारखीच होती, आणि दुसऱ्या गटातल्या 59 पैकी 36 जणांना तोवर शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. त्याच चाचणीच्या एमआरआय प्रतिमा पुन्हा तपासून 2023 साली असे मांडले गेले, की केवळ व्यायामोपचारांवर राहिलेल्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक जणांत अस्थिबंध जुळून आल्याच्या खुणा दिसतात. 'एसीएल कधीच जुळत नाही' हे पाठ्यपुस्तकातले वाक्य तेव्हापासून जरा अवघडून उभे आहे. पण त्या चाचणीतले रुग्ण फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली महिनोन्महिने मांडीचे स्नायू बळकट करत होते. क्रेप बँडेज बांधून सळ्या उचलणे याला तशी प्रतीक्षा म्हणता येत नाही. एक प्रतीक्षा उपचार असते, दुसरी केवळ विलंब. आणि दुसरीत प्रत्येक वेळी गुडघा सटकला की सांध्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटण्याची शक्यता वाढत जाते.

क्रिकेटपटू ऋषभ पंत यांचा अपघात 30 डिसेंबर 2022 रोजी झाला. त्यांच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले होते. जानेवारीत मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि मार्च 2024 मध्ये ते पुन्हा मैदानात उतरले. जवळपास पंधरा महिने. देशातले उत्तम हात, रोजची देखरेख आणि पगाराची चिंता नसताना लागलेला हा काळ आहे. बातमीत पुनरागमन ठळक छापले गेले. पंधरा महिने हा आकडा अधिक ठळक छापायला हवा होता.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला 'छोटी' म्हणण्याची सवयही सोडलेली बरी. नोव्हेंबर 2022 मध्ये चेन्नईतच गुडघ्याच्या अस्थिबंधावरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर सतरा वर्षांची एक फुटबॉलपटू विद्यार्थिनी दगावली. शस्त्रक्रियेनंतरच्या घट्ट पट्टीने पायाचा रक्तपुरवठा खंडित झाल्याचे चौकशीत पुढे आले; आधी पाय कापावा लागला आणि मग तिचा जीव गेला. त्या घटनेचा खुंटाशी संबंध नाही. पण गुडघ्यात काय राखले याची चर्चा करताना, पट्टी सोडून पायाच्या बोटांचा रंग कोणी पाहिला काय, हा प्रश्न तिच्याआधी येतो.

इतिहासात पहिला मान कोणाला मिळाला, हेही येथे आठवावे. इंग्लंडमधील लीड्स येथे 1895 साली मेयो रॉबसन यांनी तुटलेले क्रुसिएट अस्थिबंध पहिल्यांदा टाके घालून जोडले. तो रुग्ण खेळाडू नव्हता. खाणीत माती कोसळून जायबंदी झालेला एक्केचाळीस वर्षांचा खाणकामगार होता. रॉबसन यांनी त्याच्या गुडघ्यात उरलेलेच धागे हाती घेऊन ओढून शिवले, कारण कलम ही कल्पना तोवर आलेली नव्हती. ती 1917 साली ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी आणली. पुढे नुसते टाके घालण्याची पद्धत दीर्घकाळात फसते असे अनुभवास आले, कलमाचे युग सुरू झाले आणि त्या ओघात उरलेल्या धाग्यांची किंमत शून्य धरली गेली.

आपल्या कामगाराकडे परतायचे तर समजा सगळे नीट जुळून आले. तो वेळेवर पोहोचला, खुंट जाड निघाला, शस्त्रवैद्याने तो राखून कलम ओवले. त्याच्याकडे राज्य कामगार विम्याचे कार्ड आहे. कामावर नसताना झालेली इजा म्हणून त्याला साधारण आजारपणाचा लाभ मिळेल: वेतनाच्या 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. प्राण्यांवरील अभ्यासांत कलम सर्वांत कमकुवत आढळते ते साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, जुन्या पेशी गेलेल्या आणि नवे तंतू अजून न जमलेले असताना. नॉर्वेतील खेळाडूंच्या 2016 सालच्या अभ्यासात खेळात परतणे नऊ महिन्यांपर्यंत जेवढे लांबवले, तेवढ्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. तेराव्या आठवड्याच्या अखेरीस गुडघ्याची सूज गेलेली असते, दुखणे थांबलेले असते, चाल जवळजवळ पहिल्यासारखी झालेली असते. तो एक्क्याण्णवावा दिवस. दुसऱ्या दिवशी पहाटे तो कारखान्याच्या फाटकापाशी उभा असतो, आणि पर्यवेक्षक त्याला विचारतो, जड काम जमेल ना.